हजाराला तीस कमी

केळसांगवीची माणसं मोजण्याचा हुकूम आला, तेव्हा रेणुकादास मास्तरांना मनापासून आनंद झाला. सरकारी हुकूम वाचून आनंदणारा माणूस एकतर नोकरीत नवा असतो, नाहीतर भोळा. मास्तरांच्या नोकरीला अकरा वर्षं झाली होती. म्हणजे ते नवे नव्हते.

पण आनंदाचं कारण हुकमात नव्हतंच. हुकूम घेऊन महसुलाचे गिरदावरसाहेब आले होते, आणि घोड्यावरून न उतरताच ते म्हणाले होते, "मास्तर, मर्दुमशुमारीचं काम साफ झालं पाहिजे. जो गावात राहतो आणि डोळ्यांना दिसतो, तो लिहायचा. जो दिसत नाही, तो नाही. काम साफ निघालं, तर तुमच्या तबादल्याचं मी वर बोलतो."

तबादला म्हणजे बदली. हा शब्द नुसता कानावर पडला तरी मास्तरांच्या छातीत काहीतरी हलत असे. ते नांदेडचे. शिरूर अनंतपाळपासून तीन कोस आत असलेल्या या गावी त्यांना पाठवलं, तेव्हा शाळाखात्याच्या साहेबांनी 'फक्त सहा महिने' असं सांगितलं होतं, आणि मास्तरांनी ते खरं धरलं होतं. सहा महिन्यांसाठी बिऱ्हाड कशाला हलवायचं, म्हणून त्यांची बायको गोदावरी नांदेडलाच थोरल्या दिरांकडे राहिली. मग पुढचे सहा महिने. मग त्याच्या पुढचे. अशी चार वर्षं झाली. दर महिन्याला मास्तर कार्ड लिहीत, 'बदली आजउद्या होईल. सामान हलवू नये.' आणि स्वतःही शाळेलगतच्या खोलीत अशा बेतानं राहत, जणू सकाळच्या गाडीनं निघायचं आहे. कपडे ट्रंकेतच. भिंतीला त्यांनी एक खिळादेखील ठोकला नव्हता. सदरा दाराच्या कडीला अडकवत, आणि दार लावलं की तो खाली पडे.

संध्याकाळी ओट्यावर बसून ते कधीकधी म्हणत, "गोदावरीची फार आठवण येते हो."

गावाला वाटे, नदीची. "नदीकाठचा माणूस, त्याला आमचं आडाचं पानी कसं मानवंल?" असं म्हणून लोक हळहळत. मास्तरांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. सभ्य माणसाला नदीची आठवण चारचौघांत काढता येते.

असो. तर सन एक्केचाळीसच्या जानेवारीत, म्हणजे सरकारी हिशेबानं तेराशे पन्नास फसलीच्या इस्फंदार महिन्यात, बगलेत कागदांचा गठ्ठा आणि हातात डांबराचा डबा घेऊन मास्तर मोजणीला निघाले. डांबर घरांवर नंबर घालायला. पहिल्याच घरी नंबर घालताना ते धोतरावर सांडलं, आणि पुढचा महिनाभर त्या धोतरावर एक असा आकडा होता, जो कुणाच्याच घराचा नव्हता.

विलायतेत लढाई पेटलेली होती. सरकार माणसं मोजतंय ती लामावर, म्हणजे लढाईवर न्यायला, हे गावाला कुणी सांगायची गरजच नव्हती. पहिल्या दिवशी मास्तरांना गावात मिशा असलेला माणूस सापडला नाही. एका घरात चुलीवर दहा भाकरी, आणि घरात म्हणे एकटी सासू. "एवढं कोण खातं?" असं मास्तरांनी विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "मला भूक लई लागतीया." एवढ्यात कडब्याच्या गंजीतून कुणीतरी शिंकलं.

फक्त शरणम्मानं काही लपवलं नाही. गावाच्या कडेला तिचं एकखणी घर. नवरा कधीच गेलेला. दोन्ही हात कणकेत घेऊन ती दारात आली.

"घरात किती जणं, अव्वा?" मास्तरांनी विचारलं.

"दोघं. मी आन् मन्मथ."

मास्तरांना बरं वाटलं. खरं बोलणारं पहिलंच घर. "मन्मथला बोलवा. एकदा बघतो, म्हणजे झालं."

"त्यो सोलापूरला हाय. गिरनीत."

"कधीपासून?"

"येत्या पंचमीला सा वर्सं व्हतील."

मास्तरांनी लेखणी थांबवली. "अव्वा, मग तो इथला नाही. त्याला सोलापूरवाले मोजतील."

"सोलापूरवाल्यांनी त्याला जलम दिलाय का?"

"तसं नाही. कायदा असा आहे की..."

"आत या," शरणम्मा म्हणाली. आत खुंटीवर एक घोंगडी घडी घालून ठेवलेली. कोनाड्यात घासून लख्ख केलेलं ताट. दाराआड जोडा, त्याला नुकतंच तेल लावलेलं. "घोंगडी त्याची. ताट त्याचं. जोडा त्याचा. एवढं सगळं हितं हाय, आन् माणूसच तेवढा न्हाई म्हणताव?"

मास्तर थोडा वेळ जोड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं, 'एकूण, एक.' शरणम्माला अक्षर येत नव्हतं, पण एकचा आकडा तिला ओळखता आला. ती पाठ फिरवून कणीक मळायला लागली.

चौथ्या दिवशी गावाचे पाटील गुरुपादप्पा लातूरच्या बाजारातून परत आले, आणि येताना एक बातमी घेऊन आले. ज्या गावात हजार माणूस भरेल, त्या गावाला सरकार टप्पाखाना देणार!

टप्पाखाना म्हणजे टपालाचं ठाणं. केळसांगवीला तो नव्हता. जवळातला जवळ टप्पाखाना पाच कोसांवर चाकूरला, आणि तिथून हरकारा आला तर महिन्यातून एकदा येई. पावसाळ्यात तेवढाही नाही. आणि गाव तर असं, की घराघरातलं कुणी ना कुणी सोलापूरच्या गिरण्यांत. त्यांचे निरोप गाडीवाल्यांच्या तोंडून येत. 'तुमचा भीमाशंकर बरा आहे' असा निरोप गावात तीन भीमाशंकरांच्या आयांना मिळे. त्यातला कोणता बरा आहे हे कळायला पुढची गाडी लागे.

बातमी फुटली, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना लोक घरात ओढून न्यायला लागले. कडब्यातली माणसं बाहेर आली. मिशा परत दिसू लागल्या. पहिल्या दिवशी एकट्या असलेल्या सासूच्या घरात आता अकरा जण होते, त्यात एक पोटातलं आणि एक तीन वर्षांपूर्वी वारलेलं. "नाव तर हाय की अजून त्याचं," असं त्यावर तिचं म्हणणं. दुकानदार सिद्रामप्पांनी दोन्ही बैल सांगून पाहिले. मास्तरांनी सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या आणि मोजणी पहिल्यापासून केली. मेलेले काढले, न जन्मलेले काढले, बैल काढले. आकडा आला, नऊशे सत्तर.

"तीस कमी," पाटील चावडीवर म्हणाले. त्यांचा चेहरा असा पडला, की जणू ती तीस माणसं त्याच दुपारी गेली.

मास्तर मात्र चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा चाळत होते. त्यांनी त्या वयानुसार लावल्या होत्या. लहान लेकरांचा गठ्ठा जाडजूड. म्हाताऱ्यांचा बरा. बायकांचा सगळ्यांत मोठा. आणि अठरा ते तीस वयाच्या पुरुषांचा गठ्ठा एवढा पातळ, की वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवावा लागला. चार वर्षं या गावात राहून, संध्याकाळी गाव एवढं गप्प का होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते आता आलं. बोलणारी माणसंच नव्हती.

"सोलापुरात आपली किती जणं आहेत?" त्यांनी विचारलं.

बोटांवर मोजता मोजता अंधार पडायला आला. बासष्ट.

"मग लिवून टाका की ती," सिद्रामप्पा म्हणाले. "बासष्टातली तीस. बाकीची बत्तीस आमी सोडली. काय व्हतंय?"

"मी खोटं लिहिणार नाही," मास्तर म्हणाले. आवाज आपल्याला हवा होता तेवढा करारी निघाला नाही, असं त्यांना वाटलं. खोटं लिहिलं तर बदली गेली, हाही त्या सत्यात एक वाटा होता, हे त्यांना माहीत होतं. पण सत्याचे वाटे पाडून चारचौघांत दाखवायचे नसतात.

गाव मास्तरांशी भांडलं नाही. भांडण परवडलं असतं. सकाळचं ताक येईनासं झालं. शाळेत पोरांना एकाएकी पोटदुखीची साथ आली. सल्ले मात्र ढिगानं आले. कुणी म्हणालं चिठ्ठीवर शाई सांडा, कुणी म्हणालं नवाचा आकडा जरा मोठा काढा. आणि सोमवारी बसवंत न्हाव्यानं मास्तरांच्या उजव्या गालाची दाढी केली, वस्तरा पुसला, आणि मांडी घालून समोर बसला.

"आता डावा," मास्तर म्हणाले.

"करू की. त्या तीस नावांचं काय करून राहिलाव, मास्तर?"

"बसवंत, हे बरं नव्हे. माझी शाळा भरायची वेळ झाली."

"आमची काय घाई न्हाई. माझा भाऊबी सोलापुरातच हाय. त्याचं तोंड बघून चार वर्सं झाली."

वेशीजवळ, भर सकाळी, अर्ध्या दाढीनं बसलेल्या माणसाला तत्त्वाचं बोलणं फार अवघड जातं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. गिरदावरसाहेबांचे शब्द मास्तरांनी मनात उलटसुलट केले. जो दिसतो तो लिहायचा. 'गावात राहतो' हाही एक तुकडा त्यात होता. पण किती दिवस राहतो, हे साहेबांनी कुठं सांगितलं होतं?

"माणूस माझ्यासमोर उभा करा," ते शेवटी म्हणाले. "मोजणी संपायच्या आत जो गावात येऊन माझ्यासमोर उभा राहील, तो मी लिहीन. चालेल?"

बसवंतनं डावा गाल एवढा गुळगुळीत केला, की उजवा पुन्हा करावा लागला.

तर बासष्ट जणांना बोलवायचं ठरलं. मास्तरांनी चाकूरहून कार्डं आणवली, आणि शाळेच्या ओट्यावर बसले. काम सोपं होतं. 'मोजणी आहे, आठ दिवस गावी येऊन जाणे.' एवढंच तर लिहायचं. पण कार्ड समोर आलं की आया, बायका आणि बापांना ते एवढं पुरेना.

"लिवा, म्हस व्याली. रेडी झाली."

"कार्डावर जागा नाही, मावशी."

"मग 'मोजनी' खोडा आन् म्हस लिवा. मोजनीसाठी कोन येतंय? म्हशीसाठी यील."

एका तरण्या बाईनं नुसतंच कार्ड हातात धरलं, पुष्कळ वेळ उलटंसुलटं केलं, आणि "तुमीच काय ते लिवा," असं म्हणून परत दिलं. मास्तर लेखणी बुडवून बसले. काय लिहावं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. चार वर्षांत त्यांनी ते स्वतःच्या एकाही कार्डावर लिहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी तिथंही म्हैस व्याल्याचं लिहिलं.

शरणम्मा सगळ्यांत शेवटी आली. "लिवा, ये."

"एवढंच?"

"एवढंच. लई लिवलं तर घाबरंल, की अव्वाला काय झालं म्हणून."

बासष्ट कार्डं धोतराच्या सोग्यात बांधून मास्तर स्वतः चाकूरला चालत गेले. पोचेपर्यंत टप्पाखाना बंद झाला होता. त्यांनी कार्डं एकेक करून पेटीत टाकली, पेटीच्या तोंडातून आत वाकून पाहिलं, आणि परत फिरले. परतीच्या वाटेवर त्यांना आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. पायाला फोड आले होते, त्यामुळे ही भावना आणखी बळकट झाली.

मग गाव वाट बघायला लागलं. घरं सारवली. घोंगड्या उन्हात टाकल्या. कुणी डाळ काढून ठेवली, कुणी तूप. दुपारची कामं आटोपली की बायका वेशीपाशी येऊन बसत आणि चाकूरच्या रस्त्याकडे बघत. रस्ता तिथून माळावर चढतो. माळावर काही हललं तर दिसतं. एखादी गाडी दिसली की सगळ्या उठून उभ्या राहत. गाडी जवळ आली की बसत.

आकडा मात्र स्वस्थ बसत नव्हता. कुंभारवाड्यात लेकरू जन्मलं, नऊशे एकाहत्तर. त्याच आठवड्यात मळ्यातले आजोबा गेले, पुन्हा सत्तर. गुरुपादप्पांनी आपल्या तिन्ही लेकींना पोराबाळांसकट माहेरी बोलावलं, नऊशे ब्याऐंशी! गाव हरखलं. पण त्यांच्या सासरच्या गावांतही मोजणी चालू होती, आणि तिथल्यांनाही टप्पाखाना हवा होता. तिसऱ्या दिवशी तिन्ही गावचे व्याही लाठ्या घेऊन हजर. "आमची डोकी पळवून राहिलाव व्हय, पाटील?" लेकी परत गेल्या. रडत गेल्या, पण गेल्या. सिद्रामप्पांच्या बायकोनं, उमादेवीनं, हे पाहिलं आणि तिला वाटलं, माहेरी जायचे हेच दिवस दिसतात, तीही निघाली. सिद्रामप्पांनी अडवलं, "एक डोकं कमी व्हतंय!" तिला ते फार लागलं. "मी डोकं व्हय?" असं म्हणून ती गेलीच, आणि सिद्रामप्पा दुकान बंद करून आत बसले ते आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नऊशे एकोणसत्तर. मग मळ्यात आणखी एक लेकरू जन्मलं, आणि आकडा जिथं होता तिथं येऊन थांबला.

सोलापूरहून कुणीही आलं नाही. बासष्टातलं एकही.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी मास्तर चिठ्ठ्यांचा गठ्ठा बांधायला वेशीवरून चावडीकडे चालले होते. बायका उठल्या होत्या, पदर झटकून घराकडे निघाल्या होत्या. शरणम्मा तेवढी बसलेली.

"मास्तर," ती म्हणाली, "एकाचं लेकरू इसरलं तर समजतंय. समद्या गावाची लेकरं एकदमच कशी इसरली वो?"

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. गठ्ठ्यावर लाख लावली, 'नऊशे सत्तर' लिहिलं, आणि पहिल्यांदा त्यांना वाटलं की खोटं लिहिलं असतं तर निदान बायकांना वेशीत तरी बसवलं नसतं.

गिरदावरसाहेब आले, चिठ्ठ्या तपासल्या, आणि घोड्यावरून उतरून म्हणाले, "काम साफ आहे. तुमचं नांदेडचं झालंच समजा." मास्तरांनी मान हलवली. ज्या वाक्याची चार वर्षं वाट पाहिली, ते ऐकताना आपल्याला एवढा कमी आनंद का होतोय, हे त्यांना कळेना.

आणि पंधरा दिवसांनी टप्पे खात्याचे मोहतमीम, म्हणजे तपासणी करणारे साहेब, टांग्यातून थेट शाळेपुढं उतरले. साहेब गोरेपान, अंगात शेरवानी, आणि रागानं लाल. हातात सुतळीनं बांधलेला गठ्ठा.

"केळसांगवी हेच? हा हस्ताक्षर कोणाचा?"

मास्तरांनी गठ्ठा पाहिला. बासष्ट कार्डं.

"माझं, साहेब."

"तुम्ही मुदर्रिस आहात? शिकवता? सोलापूर अंग्रेजी इलाका आहे, हे माहीत नाही? आपल्या सरकारचं कार्ड आपल्या रियासतीत चालतं. अंग्रेजी मुलकात चालत नाही! बासष्ट कार्डं, एकावरही पाठवणाऱ्याचं नाव नाही, नुसतं केळसांगवी. मी नकाशात शोधत शोधत आलो इथवर."

चार वर्षं मास्तरांनी कार्डं लिहिली होती ती नांदेडला. नांदेड याच राज्यातलं. तिथं हे कार्ड बिनबोभाट पोचत होतं. सोलापूरला वेगळं कार्ड लागतं, ही गोष्ट त्यांनी भूगोल शिकवताना कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती. एव्हाना अर्धं गाव जमलं होतं, आणि भरलेल्या वर्गासमोर शिक्षकाची चूक निघावी तसे ते उभे होते.

"अंग्रेजी कार्ड लागतंय की," गर्दीतून सिद्रामप्पा म्हणाले. "लातूरला अंग्रेजी डाकघरात मिळतंय. मी कायम तिथूनच टाकतो."

"मग तेव्हा का सांगितलं नाहीत?" मास्तर जवळजवळ ओरडले.

"मला कुनी इच्यारलंच न्हाई. आन् मागनं तर मी कुनाशी बोलतच नव्हतो."

गर्दीतून वाट काढत शरणम्मा पुढं आली. "म्हंजे ही कार्डं गेलीच न्हाईत?"

"नाही, अव्वा. चूक माझी झाली."

"मन्मथनं वाचलंच न्हाई?"

"कुणीच वाचलं नाही."

ती हसली. आधी नुसते ओठ हलले, मग सगळं अंग. "त्यो इसरला न्हाई!" ती मागं वळून ओरडली. "अगं, कुनीच इसरलं न्हाई! कार्डं गेलीच न्हाईत!" बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुणी रडत होत्या, कुणी हसत होत्या. मोहतमीमसाहेब बघतच राहिले. हयातीत त्यांनी बुडालेल्या टपालाबद्दल पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या, आनंद कधी पाहिला नव्हता. एवढ्यात कुणीतरी त्यांच्यापुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं, वर तुपाची धार.

जेवता जेवता साहेबांनी सगळी हकीकत ऐकली. पाटलांनी हजाराचं सांगितलं.

"हजाराचा कायदा कुणी सांगितला?"

गुरुपादप्पांनी लातूरच्या दिशेनं हात केला.

"टप्पाखाना डोकी मोजून देत नाहीत, पाटील. कागद मोजून देतात. किती खत जातात, किती येतात ते." साहेबांनी बोटं धुतली, गठ्ठा पुन्हा हातात घेतला, आणि वजन करावं तसा तोलला. "एका गावातून एका दिवसात बासष्ट. माझ्या हद्दीत असली कस्बे आहेत, जिथून महिन्यात एवढे जात नाहीत." त्यांनी शाळेकडे नजर टाकली. "शाळेत एक टप्पाखाना बसवता येईल. पण सांभाळणार कोण? लिहिता-वाचता येणारा माणूस हवा. कायम राहणारा."

सगळं गाव मास्तरांकडे बघायला लागलं.

"तुम्ही राहणार ना इथं?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं ते 'माझी बदली झाल्यातच जमा आहे' हे सांगायला. समोर शरणम्मा गठ्ठ्यातून मागून घेतलेलं आपलं कार्ड दोन्ही हातांत धरून उभी होती. त्यावर एकच अक्षर, आणि तेही मास्तरांच्याच हातचं.

"राहणार," असं त्यांच्या तोंडून गेलं. आणि मग त्यांना फार आश्चर्य वाटलं.

महिनाभरानं एकाच हरकाऱ्याच्या हातून त्यांच्या नावे दोन सरकारी लखोटे आले. एकात नांदेडच्या बदलीचा हुकूम होता. दुसऱ्यात, सदर इसमाची टप्प्याच्या कामावर नेमणूक झाल्यानं तो हुकूम रद्द केल्याचा हुकूम. मास्तरांनी नेमका दुसरा आधी उघडला. त्यामुळे बदली मिळाल्याचा आनंद त्यांना निमिषभरसुद्धा घेता आला नाही.

मग ते सिद्रामप्पांच्या गाडीतून लातूरला गेले, अंग्रेजी कार्डं आणली, आणि बासष्ट पत्रं पुन्हा लिहिली. या खेपेला मोजणीचं नाव नव्हतं, त्यामुळे म्हशीला पुष्कळ जागा मिळाली. सगळी लिहून झाल्यावर त्यांनी नांदेडचं एक कार्ड घेतलं. बराच वेळ ते कोरंच राहिलं. मग त्यांनी लिहिलं, 'बदली होत नाही. मी इथंच आहे. तुझ्यावाचून करमत नाही.' तिसरं वाक्य खोडायला हात गेला, पण सरकारी टप्पामास्तरानं कार्डावर खाडाखोड करणं त्यांना योग्य वाटलं नाही.

पाडव्याच्या आधल्या दिवशी केळसांगवीच्या टप्पाखान्यात पहिली थैली आली. शाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांनी टोपी नीट केली, लाख फोडली, आणि मोठ्यानं एकेक पत्र वाचायला सुरुवात केली. गावात दुसरं वाचणार कोण? कुणाचा नवरा आखाडात येणार होता. कुणाचा भाऊ येणार नव्हता. एका भीमाशंकरनं, आपण तिघांपैकी कोणता, हे बापाच्या नावासकट लिहिलं होतं. जे निघे, ते सगळं गाव ऐके, आणि ज्याचं असे ते मान खाली घालून ऐके.

मन्मथचं पत्र चार ओळींचं. "'अव्वास शरणार्थ. रजा मिळत नाही. इथंच लग्न केलं, सांगायचा धीर झाला नाही. तुला नातू आहे, दीड वर्षाचा. मोजणीवाले आले होते. जन्मगाव कोणतं म्हणून विचारलं, तर मी केळसांगवी लिहवलं.'"

शरणम्मा ओट्याजवळ आली. मग म्हणाली, "म्हंजे सोलापूरच्या कागदावर आपलं गाव हाय?"

"आहे, अव्वा."

"नातवाचं कोनतं लिवलं असंल?"

"त्याचं सोलापूर."

"हां," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसून तिनं पत्र घेतलं आणि चोळीत ठेवलं.

थैलीत शेवटचं कार्ड उरलं. मास्तरांनी ते वर काढलं, पत्ता पाहिला, आणि झटकन सदऱ्याच्या खिशात घातलं. "झालं. संपली."

"ते कुनाचं?" बसवंतनं विचारलं.

"ते... खाजगी आहे."

"आमची समदी वाचलीव भर आंगनात," शरणम्मा म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता. "माझी सून तुमच्याच तोंडून समद्यांनी ऐकली. आन् तुमचं लपवून राहिलाव व्हय?"

मास्तरांनी सगळीकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. त्यांनी कार्ड बाहेर काढलं, घसा साफ केला, आणि वर्गात धडा वाचतात त्याच आवाजात सुरू केलं.

"'नांदेडहून गोदावरीचा साष्टांग नमस्कार.'"

"गोदावरी?" पाटील हळूच म्हणाले. "म्हंजे नदी नव्हं?"

"गप ऱ्हावा," शरणम्मा म्हणाली.

"'कार्ड मिळालं. चार वर्षांत बदलीशिवाय दुसरं काही लिहिलेलं हे पहिलंच. इथं जिना वाजला की मला वाटतं तुम्ही आलात. रोज कुणीतरी येतं, आणि ते तुम्ही नसता.'" इथं धड्याचा आवाज मोडला. मास्तर थांबले, टोपी काढली, पुन्हा घातली. "'तुमची बदली होत नसेल तर न होवो. भाऊजींना विचारलं आहे, ते हो म्हणाले. पाडवा झाला की मी निघते. चाकूरला गाडी पाठवावी. सोबत दोन ट्रंका आहेत. कळावे.'"

माळावरून वारा येत होता, आणि रिकामी थैली ओट्यावर फडफडत होती. मास्तर कार्डाकडे बघत उभे होते. आता तोंड कुठं लपवावं, ते त्यांना कळत नव्हतं.

शरणम्मा ओट्याच्या पायरीवर नीट टेकून बसली.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली.

मास्तरांनी परत एकदा वाचलं.